बंड्याची शुगर कधी ५००, कधी ७०: आधी सिरिंज, वही आणि वाटी बघा

प्रश्न (कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका ताईंचा, थोडा आवरून): आमचा बंड्या अकरा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. पूर्वी साडेसहा किलो होता, आता पाच किलो शंभर ग्रॅम. चार महिन्यांपूर्वी डायबेटिस निघाला. दोन वेळा ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे. सुईआधी शुगर बघते आणि त्याप्रमाणे देते. ५०० आली तर ४ युनिट, ३०० आली तर २, शंभरच्या आत आली तर देतच नाही. तरी एक दिवस ४८०, दुसऱ्या दिवशी ७०, की परत ५१०. मागच्या रविवारी दुपारी कॉटखाली झोकांड्या खात होता, मध चाटवल्यावर सावरला. बाबांनाही शुगर आहे. बंड्याच्या सिरिंज संपल्या की त्यांची वापरते. कोरडं खाणं दिवसभर वाटीत असतं, रात्री थोडं दूध. दीड महिन्यापूर्वी खाजेसाठी एक इंजेक्शन दिलं होतं. डोस नक्की किती ठेवू? आणि सुईऐवजी बाबांची शुगरची गोळी चालेल का?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नात शुगरचे आकडे भरपूर आहेत, पण माझी नजर अडकली ती ‘बाबांची सिरिंज’ या दोन शब्दांवर. डोसचं नंतर बोलू. आधी फ्रिज उघडा आणि दोन्ही बाटल्या हातात घेऊन लेबल वाचा.

आपल्याकडे माणसांचं बाटलीतलं साधं इन्सुलिन बहुतेक ४० च्या ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन १०० च्या ताकदीचं, त्याची सिरिंज केशरी टोपीची. सिरिंजवर रेघा युनिटच्या असतात खऱ्या, पण आत कुठलं औषध भरलंय हे त्या सिरिंजला काय माहीत? लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत ओढलं की ०.०५ मिली येतं. औषध ४० चं असेल तर ते झाले २ युनिट. तेच औषध १०० चं असेल तर ५ युनिट. अडीचपट! ज्या दिवशी तुम्ही ‘४’ दिले त्या दिवशी हातात लाल टोपी असली, तर पाच किलोच्या बोक्याला १० युनिट गेले. कॉटखालचा रविवार कुठून आला असेल, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. उलटी चूकही होते. ४० चं औषध केशरी टोपीत ओढलं की निम्म्याहून कमी जातं, आणि घरचे म्हणतात इन्सुलिन लागूच पडत नाही.

म्हणून आजच बाबांच्या सिरिंज वेगळ्या डब्यात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. बंड्याच्या बाटलीला केशरी दोरा बांधा. मांजराचा डोस इतका बारीक असतो की १०० च्या औषधाचा १ युनिट म्हणजे फक्त ०.०१ मिली. एक मिलीच्या सिरिंजमध्ये तो नीट मोजताच येत नाही, हात थोडा हलला तरी १ चे दीड होतात. ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली केशरी टोपीची सिरिंज मिळते, औषधांच्या दुकानात सांगून मागवून घ्या. आणि ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा सलाइन घालून डोस ‘मोठा’ करायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. का ते पुढे येतंय.

आता तुमच्या वहीबद्दल. आकडा बघून डोस ठरवायचा ही पद्धत तुम्ही बाबांकडे बघूनच उचलली असणार. जेवणाआधीच्या झटपट इन्सुलिनला माणसांत तसं करतात. ग्लार्जिनचा स्वभाव वेगळा आहे. बाटलीत ते आम्लयुक्त आणि पाण्यासारखं नितळ असतं. कातडीखाली गेलं की शरीरातली आम्लता वेगळी असल्यामुळे त्याचे अतिबारीक कण जमतात आणि ते कण हळूहळू विरघळून इन्सुलिन सोडत राहतात. (पाणी घालायचं नाही ते यासाठी. आम्लता बिघडली की सगळं गणित बिघडतं.) कालच्या सुईचा थोडा असर आज उरलेला असतो, आजचा उद्यात मिसळतो. डोस बदलल्यावर गाडी नव्या रुळावर यायला काही दिवस जातात. तुम्ही सकाळी ४, रात्री शून्य, दुसऱ्या दिवशी २ असं दिलं, तर शुगर स्थिर राहायला जागाच उरत नाही. शंभर आली म्हणून सुई चुकवली, त्यामुळे पुढची ५०० आली, ती बघून ४ दिले, त्यामुळे परत ७०. ताई, झोपाळा तुम्हीच ढकलताय, आणि दमतोय बंड्या.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून आले तेव्हा पहिली काही वर्षं म्हशीच बघत होते. कोल्हापुरात जनावरांच्या डॉक्टरला म्हैस चुकत नाही. म्हशीला ताप आला की औषध द्यायचं, दुसऱ्या दिवशी उतरलाय का बघायचं, नाहीतर बदलायचं. तीच सवय मी डायबेटिक मांजरांना लावली आणि सुरुवातीच्या दोन-तीन बोक्यांना विनाकारण गोल गोल फिरवलं. आता माझा नियम साधा आहे. डोस ठरला की किमान पाच ते सात दिवस तोच, ठरलेल्या दोन वेळांना, बारा तासांच्या अंतराने. बदलायचा तर अर्ध्या युनिटने, फार तर एकाने. अपवाद फक्त खालच्या बाजूला आहे. शुगर फार उतरली तर सात दिवस थांबायचं नाही, डोस लगेच कमी करायचा.

तुमच्या वहीत सगळे आकडे सुईआधीचे आहेत. ते त्या डोसबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. सुईआधीची शुगर म्हणजे औषध संपत आल्यावरची शुगर. औषध भरात असताना ती कुठपर्यंत उतरते हे कळल्याशिवाय डोस कमी की जास्त ते कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी कर्व्ह काढायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सुईआधी एक, नंतर संध्याकाळच्या सुईपर्यंत दर दोन तासांनी एक, असे सात आकडे.

माझ्याकडच्या एका बोक्याची वही सांगते. सकाळी सात वाजता ४३०. मालक म्हणाले, डॉक्टर, चारशेच्या खाली येतच नाही, डोस वाढवा. मी म्हटलं, रविवार काढा माझ्यासाठी. नऊला ३१०, अकराला १८०, एकला ९५, तीनला १४०, पाचला २६०, सातला ४००. दोन्ही टोकांना चारशे आणि मधे ९५. यात डोस वाढवला असता तर तो दुपारी एकला बेशुद्ध पडला असता, आणि तेव्हा घरात कोणी नसतं. त्याचं इन्सुलिन ग्लार्जिन नव्हतं, दुधाळ दिसणारं एनपीएच होतं. मांजरात ते बरेचदा बारा तास टिकत नाही. डोस बरोबर होता, औषध तोकडं पडत होतं. औषध बदललं आणि मग वही शांत झाली. दुसऱ्या एका मांजरीचे सातही आकडे ३५० ते ४५० मध्ये होते. तिला खरंच डोस वाढवायची गरज होती. सुईआधीचा आकडा दोघांचा जवळपास सारखाच!

सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान असावा, हे आमचं लक्ष्य. दिवसभर १०० राहायलाच हवी असा हट्ट नको. मांजराच्या लघवीत साखर उतरायला लागते तीच मुळात साधारण २५० च्या पुढे. दिवसाचा बराच वेळ त्याच्या आत गेला तर बोका पाणी कमी पितो, वजन धरतो, बरा राहतो.

एक बारकावा. माणसांच्या ग्लुकोमीटरवर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा बरेचदा कमी दिसते, कारण मांजराच्या रक्तात साखरेची वाटणी तांबड्या पेशी आणि बाकीचा द्रव यांच्यात वेगळी असते. प्राण्यांसाठीचं मशीन मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तरी बाबांचं मशीन चालेल, फक्त मशीन एकच ठेवा. आज हे, उद्या ते, असं नको. आणि तुमच्या मशीनवर ७० दिसलं तर ‘मशीन कमीच दाखवतं’ म्हणून सोडून देऊ नका, ते कमीच समजून वागा.

दवाखान्यात आणून कर्व्ह काढावा का? शक्यतो नको. मांजर घाबरलं की नुसत्या भीतीने त्याची शुगर तीनशेच्या वर जाऊ शकते, डायबेटिस नसलेल्याचीसुद्धा. पिशवीत घालून, रिक्षातून, राजारामपुरीच्या गर्दीतून, शेजारी भुंकणाऱ्या लॅब्राडॉरच्या बाकावर बसवून घेतलेल्या आकड्याला किती अर्थ असेल तुम्हीच सांगा. म्हणून निदानाच्या वेळीसुद्धा मी फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी बघते. त्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो, त्या एका घाबरलेल्या क्षणाचा नाही. बंड्याचं ते केलेलं नसेल तर करून घ्या.

घरी रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. आधी कोमट पाण्यात पिळलेला रुमाल अर्धा मिनिट कानाला लावा, शीर वर येते. कानाच्या पाठीमागे कापसाचा बोळा धरा, म्हणजे सुई आरपार तुमच्या बोटात जाणार नाही. काठावर व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. पहिल्या दिवशी तीनदा चुकेल. चौथ्या दिवसापासून बोकाच कान पुढे करतो असं म्हणणार नाही, पण निदान उठून जात नाही. ज्यांना हे जमतच नाही त्यांना मी माणसांचा शुगर मोजणारा, अंगाला चिकटवायचा सेन्सर सुचवते. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे, केस काढून लावतात. कंपनी चौदा दिवस म्हणते, मांजराच्या अंगावर तो बरेचदा त्याआधीच निघतो. पण आठवडाभर जरी राहिला तरी रात्री दोन वाजता काय होतं तेसुद्धा दिसतं, ते कुठल्या कर्व्हमध्ये दिसत नाही. चाळीसच्या खालचं त्याला मोजता येत नाही आणि उतरत्या शुगरमध्ये तो थोडा मागे राहतो, एवढं लक्षात ठेवून वापरायचा.

तुम्हाला कोणी ‘रिबाउंड’ हा शब्द सांगितला असेल. शुगर फार उतरली की शरीर स्वतःच साखर सोडतं आणि आकडा पाचशेवर जातो, अशी ती कल्पना. असं घडू शकतं. पण घरच्या वह्या आणि सेन्सर आल्यापासून ते पूर्वी वाटायचं तितकं सरसकट दिसत नाही. मला स्वतःला प्रत्येक ५०० ला रिबाउंड म्हणायचा कंटाळा आलाय, कारण दहातल्या आठ वेळा आदली सुई केसांत गेलेली असते. हो, केसांत. बंड्या जाड केसांचा असेल तर टोचल्यावर त्या जागेला बोट लावून हुंगा. ओलं लागलं, औषधाचा उग्र वास आला, तर औषध बाहेर गेलंय. तसं झालं तर परत देऊ नका. किती आत गेलं माहीत नाही म्हणजे पूर्ण गेलं असंच धरायचं. एक सुई चुकली तर बोका मरत नाही, दोनदा गेली तर मरू शकतो. मानेच्या कातडीत सारखं टोचून ती जाड होते आणि औषध नीट ओढलं जात नाही, म्हणून छातीच्या किंवा पोटाच्या बाजूला, रोज जागा बदलून द्या.

आता वाटीकडे वळू. मांजर पक्कं मांसाहारी. त्याचं यकृत एकदम आलेली साखर हाताळायला बनलेलंच नाही. गंमत म्हणजे त्याला गोड चवच कळत नाही. त्या चवीचं जनुक मांजरात मोडकं आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. तेव्हा ‘आमच्या मनीला पेढा आवडतो’ म्हणतात ना, तिला त्यातला खवा आवडतो. कोरड्या खाण्याचे दाणे एकत्र धरायला पीठ लागतंच, त्यामुळे पिष्ट भरपूर. दिवसभर भरलेली वाटी म्हणजे दिवसभर थोडी थोडी साखर. दुधात तेच. गंगावेशीच्या कट्ट्यावर पैलवानाला धारोष्ण दूध शोभतं, अकरा वर्षांच्या डायबेटिक बोक्याला नाही. दूध आजपासून बंद केलंत तरी चालेल.

पण कोरडं खाणं आजपासून बंद करू नका! ही चूक हौशी लोक नेमकी करतात. पिष्ट एकदम कमी झालं की इन्सुलिनची गरजही झपाट्याने उतरते, आणि जुन्या डोसवर बोका खाली जातो. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं ओलं खाणं, पाउच किंवा डब्यातलं, आठ-दहा दिवसांत थोडं थोडं वाढवा, त्या काळात शुगर जास्त वेळा बघा आणि डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. घरचं उकडलेलं चिकन चालतं, बिनमिठाचं, पण नुसत्या त्याच्यावर ठेवू नका. कॅल्शियम नसतं आणि टॉरीन या मांजराला लागणाऱ्या घटकाचा भरवसा नसतो, काही महिन्यांत हृदय आणि डोळे दोन्ही भोगतात. पांढऱ्या रश्श्यातला तुकडा धुऊनही नको. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. रविवारच्या मटणाला आपण तर किलोभर कांदा घालतो.

आणि बंड्या बाहेर जातो का हे तुम्ही लिहिलं नाहीत. पेठांमधला बोका म्हणजे एका घरचा नसतो. माझ्याकडे एक होता, घरी अगदी शिस्तीत खायचा आणि शुगर काही केल्या बसेना. शेवटी कळलं की पलीकडच्या बोळातल्या आजी रोज दुपारी त्याला दूधभात घालायच्या. त्यांच्या मते तो ‘वाळत चाललेला’ होता. त्याच्या पट्ट्याला मालकिणीने चिठ्ठी लावली: ‘मला शुगर आहे, खायला देऊ नका.’ आजींनी ती वाचली आणि भात बंद करून नुसतं दूध चालू ठेवलं! शेवटी स्वतः जाऊन बोलावं लागलं.

खाजेच्या इंजेक्शनचं. त्या दवाखान्यातून औषधाचं नाव लिहून घ्या, भांडायला नाही, माहितीसाठी. लांब असर राहणारं स्टेरॉइड असेल तर ते इन्सुलिनला थेट विरोध करतं आणि आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. तुमचे ५०० चे आकडे कधी सुरू झाले ते वहीत बघा. इंजेक्शननंतर असतील तर कोडं निम्मं सुटलं. यात एक धोकाही आहे. स्टेरॉइडचा असर ओसरला की इन्सुलिनची गरज आपोआप कमी होते, आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर बोका पडतो. दीड महिना झालाय, म्हणजे बंड्या सध्या कदाचित त्याच उतारावर आहे. मी हे इतकं ठामपणे लिहिते कारण नवखी असताना एका लठ्ठ बोक्याला खाजेसाठी तसं इंजेक्शन मीच दिलं होतं. काही आठवड्यांनी तो घटाघटा पाणी पीत परत आला. तेव्हापासून जाड, वयस्कर मांजराला ते देताना माझा हात थांबतो. खाज परत आली तर पिसवांचं औषध आधी, आणि बंड्याला डायबेटिस आहे हे त्याला टेबलावर ठेवतानाच डॉक्टरांना सांगायचं.

सिरिंज, डोस, खाणं, स्टेरॉइड हे सगळं सरळ झालं आणि तरी शुगर नाचत राहिली, तर मग आजार शोधायचा. तोंड उघडून दात बघायचे, सडका दात इन्सुलिनला दाद लागू देत नाही. लघवीची तपासणी आणि कल्चर (त्यातले जंतू वाढवून बघणं), कारण साखरेच्या लघवीत जंतू छान वाढतात आणि बरेचदा काही लक्षणच नसतं. स्वादुपिंडाची सूज हा मोठा खोडसाळ आजार. आज खातो, उद्या तोंड फिरवतो, शुगर त्याच्यासोबत वरखाली. किडनी आणि थायरॉइड रक्तात बघायचं. एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी तपासत नाही: मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची गाठ, जिच्यातून वाढीचं हार्मोन जास्त सुटतं. एका मोठ्या ब्रिटिश पाहणीत डायबेटिक मांजरांपैकी साधारण चारात एकाच्या रक्तात त्याची खूण सापडली होती. डायबेटिस असून वजन वाढतंय, चेहरा रुंद, पंजे मोठे, घोरणं सुरू झालंय आणि डोस वाढतच चाललाय, असं दिसलं तर आयजीएफ-१ ही तपासणी करून घ्या. बंड्याचं वजन उतरतंय, म्हणून त्याच्यासाठी मी हे यादीत शेवटी ठेवीन.

इन्सुलिन कसं ठेवता? फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या खणाला चिकटून तर मुळीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, काम करत नाही. लाइट गेली म्हणून मात्र घाबरू नका. २०१९ च्या पुरात कितीतरी घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि लोक इन्सुलिन फुकट गेलं म्हणून हवालदिल झाले होते. ग्लार्जिन ३० अंशांच्या आत २८ दिवस बाहेर राहू शकतं. एप्रिल-मेमध्ये तेवढं गार राहत नाही, तेव्हा बाटली प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा. नितळ ग्लार्जिन गढूळ दिसलं की फेकायचं, किंमत बघायची नाही.

कॉटखालच्या रविवारसारखं परत झालं तर काय करायचं ते फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा, बाबांनाही दाखवा. ६० च्या खाली आकडा पण बोका ठीक, तर लगेच खायला घाला, अशा वेळी कोरडं खाणंसुद्धा चालेल, आणि अर्ध्या तासाने परत बघा. झोकांड्या, नजर हरवलेली, थरथर, तर ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. मध चालतो. आपल्या घरात काकवी आणि गूळ हाताशी असतात, पण त्यातली बहुतेक साखर आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, म्हणून दुसरं काही नसेल तरच. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, चावतो. ओठ उचलून हिरडीवर लावा आणि दवाखान्याकडे निघा. सावरला तरी निघा, कारण साखर संपते आणि इन्सुलिन अजून काम करतच असतं. पुढची सुई डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

उलट बाजूची तातडीची वेळ लोक ओळखत नाहीत, कारण त्यात बोका नुसता गप्प बसतो. शुगर जास्त, खाणं बंद, उलट्या, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. ही कीटोनची वेळ (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की हे आम्ल पदार्थ रक्तात साठतात), उद्यापर्यंत थांबायची नाही. लघवीच्या कीटोन पट्ट्या आणून ठेवा. ट्रेमध्ये वाळूऐवजी धुतलेले माशांच्या टाकीतले खडे टाकले की लघवी तळाशी मिळते. आणि मांजराने खाणं सोडलं असेल तर नेहमीचा पूर्ण डोस टोचायचा नाही, आधी फोन.

बाबांच्या गोळीचं उत्तर नाही असं आहे. माणसांच्या डायबेटिसची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन, तिने मांजरात फारसं काही साधत नाही. लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांच्या गटातलं मांजरांसाठीचं औषध अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, बेक्साग्लिफ्लोझिन त्याचं नाव. पण ते आधी कधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी. त्यात शुगर चांगली दिसत असतानाच कीटोन वाढू शकतात. बंड्या चार महिने सुईवर आहे. माणसांच्या त्या गटातल्या गोळीचा तुकडा करून घालणं म्हणजे मशीनवर सुंदर आकडा बघत बोका गमावणं.

आता डोस. मांजराची सुरुवात साधारण १ युनिट दोन वेळा अशी करतात, सुरुवातीलाच २ च्या वर जात नाहीत. बंड्याला आजवर नक्की किती गेलं हे कोणालाच माहीत नाही आणि स्टेरॉइड ओसरतंय, म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर नवीन सिरिंजने १ युनिट सकाळ-संध्याकाळ, इथून परत सुरुवात केली असती. त्यांना हे सगळं दाखवा आणि त्यांच्या होकारानेच करा. सुईआधी १५० च्या खाली आलं तर देऊ नका, खायला घाला, फोन करा. आणि असं दोनदा झालं तर १ सुद्धा जास्त आहे असं समजायचं. वाईट बातमी नाही ती. मांजराचा डायबेटिस बराचसा आपल्या म्हातारपणच्या डायबेटिससारखा असतो. पहिल्या काही महिन्यांत शुगर नीट आवरली आणि खाणं बदललं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. सहा महिन्यांच्या आत ती शक्यता जास्त असते, तुम्ही अजून त्यात आहात. पण ते डोस उतरवत उतरवत, एका दिवसात बंद करून नाही.

पहिले काही दिवस ५०० दिसेल. दिसू दे. डोस वाढवायचा नाही. त्याऐवजी पाणी मोजून ठेवा. पाच किलोच्या बोक्याने दिवसाला अर्धा लिटरहून जास्त प्यायलं तर ते नक्की जास्त आहे, आणि ते कमी होत जाणं ही मशीनच्या आकड्याइतकीच खरी खूण. ट्रेमधले लघवीचे गोळे मोजा, दर रविवारी वजन घ्या, मागचे पाय घोट्यापर्यंत टेकवून चालतो का तेही बघा, नसांवर परिणाम झाला की तसं चालतात.

आठव्या दिवशी कर्व्ह काढा. सातही आकडे, खाण्याच्या वेळा, सुईची वेळ एकाच पानावर लिहा आणि ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा, बंड्याला घरीच ठेवा. दर वेळी कान टोचल्यावर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायला विसरू नका. तो एकदा विसरला की पुढच्या वेळी बोका कपाटावर असतो, आणि त्याला खाली उतरवताना जी धावपळ होते तिच्यानंतर घेतलेला आकडा वहीत लिहू नका.